अभ्यासपाठ : शरणपूर, आणि तिथे राहून गेलेली नावे

गेल्या हिवाळ्यात जर्मनीतल्या एका जुन्या कॅथलिक पॅरिशचे काही पाहुणे आपले वसतिगृह पाहायला आले होते. वर्षानुवर्षे पैसे गोळा करून पाठवणारी ही साधी माणसे. जाताना त्यांनी आपल्या गावच्या चर्चच्या इतिहासाची छापील पुस्तिका मला भेट दिली. पाया कधी घातला, आग कधी लागली, युद्धात घंटा कशी वितळवायला नेली, सगळे त्यात होते. मग त्यांच्यातल्या एका आजीबाईंनी दुभाष्यामार्फत विचारले, "आणि तुमच्या नाशिकच्या जुन्या चर्चचा इतिहास काय?" मी बाल येशूच्या यात्रेचे सांगितले. १९८७ साली पुणे धर्मप्रांतातून नाशिक धर्मप्रांत वेगळा झाला, हेही सांगितले. त्या हसून म्हणाल्या, "हे तर कालचे झाले." उत्तर अपुरे होते हे मलाही ठाऊक होते. म्हणून या अंकाचा पाठ शरणपूरवर.

आपल्या वाचकांपैकी अनेकांनी शरणपूर पाहिले आहे, पण रस्त्याचे नाव म्हणून. शरणपूर रोड म्हणजे कॅनडा कॉर्नर, दवाखाने, बँका आणि दुचाकी लावायला जागा नाही. या रस्त्याला नाव देणारे गाव एकेकाळी शहराबाहेर होते, आणि त्या गावची मंडळी म्हणजे आजची सेंट आंद्रिया चर्चची मंडळी. हे चर्च आपल्या कॅथलिक परंपरेतले नाही. ते अँग्लिकन मिशनने उभे केले आणि १९७० पासून चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आहे. तरीही आदिवासी मुलांना आसरा देणाऱ्या आपल्यासारख्या संस्थेने शिकावे असे नाशकात यापेक्षा मोठे प्रकरण मला माहीत नाही. शिकावे म्हणतो, सगळेच गिरवावे असे म्हणत नाही.

आधी नावापासून. चर्च मिशनरी सोसायटीने नाशकात १८३२ साली काम सुरू केले. रेव्हरंड फॅरार यांनी शाळा काढली. क्षेत्राच्या गावी अशा शाळेला विरोध होणार हे ओघानेच आले आणि तो झालाही. जे ख्रिस्ती होत त्यांचे घर, भाऊबंद, पाणवठा, काम, सगळे एका दिवसात सुटे. त्यांना राहायला जागा हवी होती, तशीच अनाथ मुलांनाही. १८५४-५५ च्या सुमारास विल्यम सॉल्टर प्राइस या मिशनऱ्याने शहराच्या पश्चिमेला वस्ती उभारली आणि तिला शरणपूर हे नाव मिळाले.

मराठी बायबल उघडून गणना ३५ आणि यहोशवा २० हे अध्याय वाचा. तिथे याच शब्दाचे अनेकवचन भेटेल : शरणपुरे. इस्राएलाच्या देशात अशी सहा नगरे राखून ठेवायची होती. चुकून हातून कोणाचा जीव गेला, तर सूड घेणाऱ्यापासून पळून माणसाने तिथे जायचे आणि वेशीपाशी उभे राहून आपले म्हणणे मांडायचे. नगराने त्याला आत घ्यायचे, राहायला जागा द्यायची. ही सोय केवळ इस्राएलांसाठी नव्हती, त्यांच्यात राहणाऱ्या परक्यांसाठीही होती. इथपर्यंतचे आपण प्रवचनात पुष्कळ वेळा ऐकलेले असते. गणनेच्या त्याच अध्यायात आणखी एक कलम आहे, तिकडे लक्ष कमी जाते. मुख्य याजकाच्या मृत्यूनंतर त्या माणसाने आपल्या वतनाच्या भूमीकडे परत जायचे आहे. म्हणजे शरणपूर हा शेवटचा मुक्काम नाही. आत घेण्याच्या नियमालाच परत जाण्याचा नियम जोडलेला आहे. पुढची सगळी हकिगत वाचताना हे कलम मनात ठेवावे.

आता शरणपूरच्या इतिहासातला सर्वांत दूरचा धागा. त्या काळी पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून अरबी गलबते गुलाम घेऊन जात. इंग्रजांच्या लढाऊ जहाजांनी अशी गलबते अडवली की सुटलेल्या माणसांना उतरवायचे कुठे हा प्रश्न येई. त्यांतले बरेचजण मुंबईच्या बंदरात उतरवले गेले. बहुतेक मुले होती : याओ आणि इतर जमातींची, आजच्या मलावी, मोझांबिक, टांझानिया या मुलखातली, आईबापांपासून तोडलेली. त्यांच्यासाठी मुंबईत आश्रम निघाला. त्याच्याशी जोडलेला एक पाद्री जर्मन होता. कार्ल विल्हेल्म इझेनबर्ग याचा जन्म १८०६ साली बार्मेन गावी झाला. तो आधी इथिओपियात राहिला होता, अम्हारिक भाषेचा कोश आणि व्याकरण त्याने रचले होते, आणि तिथून घालवून दिल्यावर तो मुंबईला आला. १८६० च्या सुमारास हा आश्रम नाशकात, शरणपूरला, प्राइस यांच्या देखरेखीखाली आला.

(निरोप्या मासिक १९०३ साली केंदळहून सुरू करणारे फादर डोरिंग जर्मन येशूसंघीय होते हे आपल्याला पाठ असते. पण नाशिकच्या ख्रिस्ती इतिहासातला जर्मन धागा त्याच्याही चाळीस वर्षे मागे जातो, तोही आफ्रिकेच्या वाटेने. त्या आजीबाईंना हे सांगता आले असते तर बरे झाले असते.)

गोदावरीच्या काठी याओ मुले सुतारकाम, लोहारकाम शिकत होती, अक्षरे गिरवत होती, प्रार्थना म्हणत होती. आजूबाजूला मराठी. कॉर्नेलिया सोराबजी, पुढे भारतातल्या पहिल्या महिला वकिलांपैकी एक ठरलेल्या, यांचा जन्म १८६६ साली नाशकातलाच. त्यांचे वडील पारशातून ख्रिस्ती झालेले, याच मिशनच्या कामातले. मराठी, पारशी, आफ्रिकी, इंग्रज असा तो गोतावळा होता. आज शरणपूर रोडवर सिग्नलला थांबलेल्या कोणाला हे सांगितले तर तो थट्टा समजेल.

१८६५ साली डेव्हिड लिव्हिंगस्टन मुंबईत आला. आफ्रिकेच्या शेवटच्या प्रवासासाठी त्याला माणसे हवी होती. तो नाशकात आला आणि शरणपूरच्या आश्रमातून नऊ तरुण त्याच्याबरोबर जायला निघाले. १८६६ च्या जानेवारीत मुंबईहून जहाज सुटले. इथे एक दुरुस्ती करून ठेवतो, कारण मराठीत हे वारंवार चुकीचे लिहिले जाते. लिव्हिंगस्टनचे प्रसिद्ध सोबती चुमा आणि सुसी हे शरणपूरचे नव्हेत. चुमा मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत होता आणि सुसी झांबेझीकाठचा. शरणपूरचे नऊजण वेगळे.

त्या नऊ जणांची नावे पाहा : एडवर्ड गार्डनर, सायमन प्राइस, रिचर्ड इझेनबर्ग, अब्राहम परेरा, नथॅनिएल कुंबा, जेम्स रटन, रूबेन स्मिथ, अल्बर्ट बराका, अँड्र्यू पॉवेल. ही यादी मी आपल्या अभ्यासवर्गात फळ्यावर लिहिली तेव्हा दहावीतल्या एका मुलीने विचारले, "सर, हे सगळे इंग्रज होते का?" प्रश्न बरोबर होता. प्राइस हे आश्रमप्रमुखाचे आडनाव, इझेनबर्ग हे त्या जर्मन पाद्रीचे. कुंबा आणि बराका सोडले तर आफ्रिकेचा मागमूस नाही. आईने त्यांना काय म्हणून हाक मारली होती, ते या यादीत नाही.

नाव बदलण्याला बायबलात दोन तऱ्हा आहेत. अब्रामाचा अब्राहाम झाला तो देवाच्या वचनाने, आणि त्यात त्याचे जुने नाव पुसले न जाता वाढले. दानीएल आणि त्याच्या तीन सोबत्यांची नावे मात्र बाबेलात राजवाड्याच्या अधिकाऱ्याने बदलली : बेलटशस्सर, शद्रख, मेशख, अबेदनगो. परमुलखात नेलेली हुशार मुले, राजाचे अन्न, राजाची भाषा आणि राजाच्या सोयीचे नाव. शरणपूरचे मिशनरी नबुखद्नेस्सर नव्हते. त्यांनी मुलांना पकडून आणले नव्हते, उलट पकडलेल्यांना सोडवून आणलेले सांभाळले. बाप्तिस्म्याला नवे नाव घेण्याची रीत आपल्याकडेही आहे. तरी दानीएलाच्या पुस्तकाने एक गोष्ट केली : त्याने मूळ नावेही लिहून ठेवली. दानीएल, हनन्या, मिशाएल, अजऱ्या. म्हणून ती आज आपल्याला ठाऊक आहेत.

परत त्या प्रवासाकडे. रिचर्ड इझेनबर्ग वाटेत आजारी पडून मागे राहिला आणि वारला. बरेचजण निघून गेले किंवा काढून टाकले गेले. लिव्हिंगस्टनने या मुलांबद्दल डायरीत फारसे चांगले लिहिलेले नाही. कामचुकार, कुरकुरे असेच त्याचे मत. मला ते पूर्ण पटत नाही. वर्षानुवर्षे सुतारकाम शिकलेल्या, गावातल्या शिस्तीत वाढलेल्या तरुणांना एकदम जंगलातल्या उपासमारीच्या वाटेवर हमाल म्हणून चालायला लावले तर दुसरे काय होणार? एडवर्ड गार्डनर मात्र शेवटपर्यंत टिकला.

आणि अब्राहम परेरा. १८६६ च्या जुलैत ही टोळी याओ मुलखात, माताका या प्रमुखाच्या म्वेंबे गावी पोहोचली. तिथे गर्दीतून अब्राहमला कोणीतरी हाक मारली. तो त्याचा मामा-काका कोणीतरी होता, जवळचा नातेवाईक. लहानपणी नेलेल्या मुलाला त्याने इतक्या वर्षांनी, नाशिकच्या कपड्यांत, ओळखले. त्याने सांगितले की तुला पकडून नेल्यानंतर तुझ्या आईला आणि दोघी बहिणींनाही विकले. आता तू इथेच राहा. आणखी एका नातेवाइकानेही आग्रह केला. लिव्हिंगस्टननेही राहायला सांगितले, काही दिवस पुरेल इतका माल देण्याची तयारी दाखवली. अब्राहमचे उत्तर ठरलेले होते : जिथे आई नाही, बहीण नाही, तिथे राहून काय करू? तो राहिला नाही.

गणना ३५ मधले ते परत जाण्याचे कलम इथे आठवावे. शरणपूरने अब्राहमला जगवले, शिकवले, नाव दिले. पण जिकडे परतायचे ते वतन मधल्या काळात उद्ध्वस्त झाले होते. यात शरणपूरचा दोष नाही. दोष गुलामांच्या व्यापाऱ्यांचा. मात्र आसरा देणाऱ्याने हे ओळखून असावे की आसऱ्यात वर्षे जातात, आणि त्याच वर्षांत मुलाचे घरही बदलत असते. आपल्या वसतिगृहात पहिलीला आलेले पोर दहावी होऊन जाते तेव्हा त्याच्या पाड्यावरची आजी गेलेली असते, आणि तिची बोली समजणारे त्याचे कान अर्धे बुजलेले असतात. दिवाळी आणि मे महिन्याच्या सुट्टीला मुलांना घरी पाठवण्याचा खर्च अंदाजपत्रकातून कमी करावा अशी सूचना मध्यंतरी आली होती. मी विरोध केला होता. तेव्हा मला कारण नीट मांडता आले नव्हते.

१८७२ साली लिव्हिंगस्टनला मदत पोहोचवायला शरणपूरहून आणखी सहाजण गेले. त्यांतला जेकब वेनराइट याओ होता आणि लिहिण्यावाचण्यात तरबेज होता. १८७३ च्या मे महिन्याच्या सुरुवातीला आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावात लिव्हिंगस्टन वारला. सोबत्यांनी त्याचे हृदय झाडाखाली पुरले. तेव्हा प्रार्थना वाचली जेकबने, आणि झाडाच्या बुंध्यावर नाव व तारीख कोरली तीही जेकबने. शरणपूरला अक्षरे गिरवलेला हात तो. मग मीठ लावून वाळवलेला देह झाडाच्या सालीत, शिडाच्या कापडात गुंडाळून या माणसांनी दीड हजार किलोमीटरांहून अधिक वाट खांद्यावरून तुडवली. किनाऱ्यावर बागामोयोला होली घोस्ट फादर्सचे मिशन होते. तिथल्या कॅथलिक चर्चमध्ये देह ठेवला गेला. इतक्या लांबून एका प्रोटेस्टंट पाद्रीचे प्रेत घेऊन आलेल्या थकल्या माणसांना कोणी पंथ विचारला नाही, याचे मला बरे वाटते. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफनविधी झाला तेव्हा शवपेटीबरोबर जेकब होता. तिथे हजर राहिलेला त्या तांड्यातला तो एकटाच.

त्याच सहा जणांतल्या मॅथ्यू वेलिंग्टनचे मूळ नाव मात्र नोंदले गेले : चेंग्विम्बे. तो मोंबासाला म्हातारा होऊन १९३५ साली वारला. मूळ नाव मागे राहण्याचे कारण साधे आहे. तो खूप जगला, आणि कोणीतरी बसून त्याची हकिगत विचारून लिहून घेतली.

या आधीच, १८६४ साली, शरणपूरचे तिघे तरुण मोंबासाजवळच्या राबाई गावी गेले होते : विल्यम जोन्स, इश्माएल सेम्लर आणि जॉर्ज डेव्हिड. तिथे योहानेस रेबमन हा दुसरा जर्मन मिशनरी एकाकी काम करत होता. वुर्टेम्बर्गमधल्या गेर्लिंगेन गावचा हा माणूस. किलिमांजारोवरचे बर्फ पाहून १८४८ साली त्याने कळवले तेव्हा युरोपातल्या विद्वानांनी त्याला वेड्यात काढले होते. पुढे १८७४-७५ मध्ये प्राइस स्वतः मोंबासाला गेले आणि शरणपूरच्याच धर्तीवर मुक्त झालेल्यांची वस्ती वसवली. मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रीअर यांच्या नावाने ती फ्रीअर टाउन झाली. नाशकात शिकलेले सुतार, लोहार, शिक्षक तिथे गेले. लोक त्यांना बाँबे आफ्रिकन म्हणत. गुलाम पकडणारे येताना दिसले की वाजवायची घंटा त्या वस्तीत होती. स्वाहिलीत घंटेला केंगेले म्हणतात, आणि मोंबासात त्या ठिकाणाला आजही केंगेलेनी म्हणतात.

परतीचा प्रवास झाला, पण तो गोड नव्हता. मोंबासाच्या लोकांना हे विलायती कपड्यांतले काळे लोक परकेच वाटले. आणि मिशननेही त्यांना बरोबरीने वागवले नाही. १८८० च्या सुमारास फ्रीअर टाउनच्या गोऱ्या व्यवस्थापकाने शिस्तीसाठी चाबकाचा वापर केल्याचे उघड झाले. पगाराच्या आणि वागणुकीच्या तक्रारी बाँबे आफ्रिकनांनीच केल्या होत्या. चौकशी झाली, प्राइसना परत जाऊन घडी बसवावी लागली. गुलामगिरीतून सोडवलेल्यांच्या वस्तीत चाबूक. आपल्या क्षेत्रातल्या कार्यकर्त्यांनी हे वाक्य जरा थांबून वाचावे. आपल्या वसतिगृहांत चाबूक नाही, पण पट्टी आहे, आणि सकाळचा चहा बंद करणेही आहे. १८८५ साली विल्यम जोन्स आणि इश्माएल सेम्लर यांना बिशप हॅनिंग्टन यांनी डीकनपदाची दीक्षा दिली. त्याच वर्षी बुसोगात हॅनिंग्टन मारले गेले, आणि उरलेल्यांना घेऊन, ती बातमी घेऊन किनाऱ्यावर परत आला तो जोन्स.

आता माझे स्वतःचे. वीसेक वर्षांपूर्वी मी एका वसतिगृहात नवा अधीक्षक होतो. जूनमध्ये पेठकडच्या पाड्यावरचे एक कोकणा जोडपे मुलाला घेऊन आले. वारावरून ठेवलेले नाव होते, आपल्याकडे असते तसे. मला ते रजिस्टरात बरे दिसेना. मुलगा मोठा होईल, साहेब होईल, त्याला हे नाव शोभणार नाही असे वाटून मी पाठ्यपुस्तकातले एक छानसे नाव लिहिले. बापाने अंगठा दिला. जन्मतारीख माहीत नव्हती तेव्हा सगळ्यांची लिहितो तशी एक जून लिहिली. दोन्ही नावे इथे देत नाही. एक त्याचे आहे आणि दुसरे माझी चूक.

बारा-तेरा वर्षांनी तो मुलगा माझ्यासमोर कागदांची पिशवी घेऊन उभा राहिला. जात पडताळणीसाठी गावातली जन्माची नोंद निघाली होती, तीत घरचे नाव. शाळेच्या दाखल्यावर माझे. एकच माणूस आहे हे सिद्ध करायला प्रतिज्ञापत्र, राजपत्रातली जाहिरात, तालुक्याच्या खेपा. मी सही केली, तहसीलला त्याच्याबरोबर गेलो. कागद जुळले तोवर ज्या भरतीसाठी धावपळ होती तिची मुदत निघून गेली होती. तो मला एक शब्द बोलला नाही. आज गावी शेती करतो, एसटी स्टँडवर भेटला तर चहा पाजतो. घरी त्याला कोणीच शाळेच्या नावाने हाक मारत नाही.

शरणपूरची ती नऊ नावांची यादी प्रथम वाचली तेव्हा मला हे रजिस्टर आठवले.

अभ्यासवर्गानंतर आम्ही बावीस मुलांना घेऊन शरणपूरच्या चर्चला गेलो. जाताना गणना ३५ वाचून झाले होते. आवारात उभे राहून मी मुलांना सांगितले की इथून मुले आफ्रिकेला गेली. एका मुलाने विचारले, ती घरी बोलायची कोणत्या भाषेत? मी म्हणालो, याओ. त्याने शब्द दोनदा उच्चारून पाहिला. मग मुलांनी आपापसात ठरवून एक खेळ केला. प्रत्येकाने आपले घरचे नाव मोठ्याने सांगायचे. सुरुवातीला हसणे, लाजणे. मग एकेक येऊ लागले. चार वर्षे ज्यांना मी रोज हाक मारतो त्यांतल्या नऊ मुलांची घरची नावे मला तिथे पहिल्यांदा कळली.

गटात वाचताना या तीन प्रश्नांवर बोलावे. आपल्या केंद्रात मुलाचे नाव कोण लिहितो, आणि लिहिताना आईला विचारतो का? मुलाची बोली येणारा एक तरी माणूस केंद्रात आहे का? शिक्षा म्हणून आपण काय बंद करतो, आणि ते कोणी ठरवले?

यंदा १५ जूनपासून प्रवेश सुरू होतील. प्रवेशअर्जात एक नवा रकाना आहे : घरी हाक मारतात ते नाव. तो आईने किंवा आजीने सांगितल्याप्रमाणेच भरायचा आहे. जन्माची नोंद ग्रामपंचायतीत असेल तर तिची प्रत आणावी. नसेल तर आमचा कार्यकर्ता बरोबर येऊन ती काढायला मदत करील. नोंद सापडेपर्यंत एक जून लिहायचा नाही, जागा मोकळी ठेवायची.